कोयता, काठी आणि अंगझडती

कारखान्याचा बॉयलर पेटला की आपल्या संगमनेरच्या रस्त्यांचं रूपच बदलतं. ट्रॅक्टर, बैलगाड्या, उघड्या ट्रकमधून येणारी कुटुंबं, त्यांच्या पत्र्याच्या पेट्या, चुली, कोंबड्या, कडेवरची पोरं. आणि प्रत्येक बिऱ्हाडात कोयते. मुकादमाची उचलसुद्धा कोयत्यावरच ठरते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस असला तर अर्धा. ज्या हत्याराच्या नावानं माणूस मोजतात, तेच हत्यार रस्त्यात नाकाबंदीला सापडलं तर काय, असा प्रश्न आमच्याकडे आला.

प्रश्न विचारणाऱ्या बाईचं नाव-गाव आम्ही सांगणार नाही. रात्रीच्या वेळी टोळीची गाडी अडवली, पेट्या उघडल्या, गोणपाटात बांधलेले कोयते बाहेर काढले. बायकांना खाली उतरवलं, कमरेच्या पिशव्या सोडायला लावल्या. बरोबर महिला पोलीस नव्हती. शेवटी सगळ्यांना सोडून दिलं, गुन्हा काही दाखल झाला नाही. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, "ताई, त्यांना असं करता येतं का?"

हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता आलं असतं तर आम्ही दोन मिनिटांत मोकळ्या झालो असतो. पण उत्तर शोधायला बसलो आणि दीडशेहून जास्त वर्षं मागे गेलो. गंमत म्हणजे फार लांब जावं लागलं नाही. पुणे-नाशिक रस्त्यानं सिन्नरकडे निघालं की वाटेत नांदूर-शिंगोटे लागतं. गोष्ट तिथूनच सुरू करू.

त्या गावचे भागोजी नाईक हे भिल्ल पुढारी. आपल्या या भागात भिल्ल आणि रामोशी लोकांकडे गावच्या जागल्याचं काम असे. त्यांच्या हातात हत्यार असणं हा गुन्हा नव्हता, ती त्यांची नोकरी होती. भागोजी स्वतः नगरच्या पोलिसांत अंमलदार होते. १८५५ साली दंगा करणं आणि पोलिसांना अडवणं या आरोपांखाली त्यांना शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभर नीट वागण्याचा जामीन मागितला गेला. मैत्रिणींनो, हा 'चांगल्या वर्तणुकीचा जामीन' लक्षात ठेवा. आजही सणावाराच्या आधी 'चॅप्टर केस' म्हणून जे कागद भरून घेतात, त्याचाच हा पूर्वज.

भागोजींनी गाव सोडलं आणि माणसं जमवून पुणे-नाशिक रस्त्यावर नजर ठेवता येईल अशा जागी ठाण मांडलं. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री त्यांना पकडायला गेला आणि गोळी लागून मारला गेला. पुढची दोन वर्षं हा सगळा मुलूख, संगमनेर, अकोले, सिन्नर, कोपरगाव, धुमसत राहिला. भिल्लांच्या पाठलागासाठी सरकारनं नट्टल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली कोळ्यांची खास पलटण उभी केली. म्हणजे एका जमातीची हत्यारं काढून घ्यायची आणि शेजारच्या जमातीला हत्यारं द्यायची. त्याच कोळ्यांमधल्या राघोजी भांगरे यांना नऊच वर्षांपूर्वी, २ मे १८४८ ला, ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं होतं, हेही विसरू नका. भागोजी ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यात मिठसागरला लढताना पडले. त्यांच्यावर चालून गेलेला अधिकारी फ्रँक सूटर पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला आणि वीसहून जास्त वर्षं त्या खुर्चीत बसला.

१८५७ आणि १८६० मध्ये हत्यारबंदीचे कायदे आले. मग १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात आला तो प्रसिद्ध शस्त्र कायदा. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची तोंडं बांधणारा कायदाही त्याच साली, त्याच महिन्यात आला. शस्त्र कायद्याखाली हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना, युरोपियनांना मात्र नियमांनी सूट. ही वर्णाची सूट पहिलं महायुद्ध संपल्यानंतर काढली गेली. डुकरं शेतं उकरायची, बिबट्या गोठ्यातून वासरू न्यायचा आणि शेतकऱ्याच्या हाती काठी. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध पुन्हा पुन्हा ठराव झाले ते उगाच नाही. अकोल्याच्या डोंगराकडच्या बाया आजही बिबट्याचं नाव निघालं की हाच प्रश्न विचारतात, तेव्हा हा इतिहास आपल्याला फारसा जुना वाटत नाही.

या कायद्यानं एक मोठा बदल केला. आधी हत्यार कोणाकडे आहे हे सगळ्यांना दिसायचं. आता ते लपवायची गोष्ट झाली. आणि लपवलेलं शोधायचं म्हणजे झडती आली.

पण झडती सगळ्यांची सारखी होत नाही. कोणाच्या पिशवीत हात घालायचा आणि कोणाला सलाम करून जाऊ द्यायचं, हे ठरवायला दुसरा कायदा आला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ च्या कायद्यानं आपल्या मुंबई इलाख्याला लागू झाला. त्यात जन्मच संशयाचं कारण. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, हद्दीबाहेर जायचं तर पास घ्यायचा. पास नसताना बाहेर सापडलेल्या माणसाला पोलीसच नव्हे तर गावचा पाटील किंवा चौकीदारसुद्धा वॉरंटाशिवाय पकडू शकत असे. १९२४ च्या कायद्यात तर असंही कलम होतं, की नोंदलेला माणूस अशा ठिकाणी, अशा परिस्थितीत सापडला की तो चोरी करणारच होता असं कोर्टाला वाटलं, तर तेवढ्यावर शिक्षा. चोरी व्हायलाच हवी असं नाही.

सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट आपल्यापैकी अनेकींनी ऐकलेली आहे. तिथल्या बायका गिरणीत कामाला जात आणि परत कुंपणात येत. आपल्या जिल्ह्यातल्या पारधी वस्त्यांवर हजेरीच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. हा कायदा देशभरातून गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. म्हणून ते लोक १५ ऑगस्टच्या जोडीला ३१ ऑगस्टही पाळतात, विमुक्त दिन म्हणून. कायदा गेला तरी सवय कागदावर शिल्लक राहिली. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, १२२ वं कलम आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्हा करण्याच्या इराद्यानं घातक हत्यार घेऊन किंवा तोंड झाकून कोणी सापडला तर तो गुन्हा. इथपर्यंत ठीक. पण त्याच कलमात 'चोर म्हणून प्रसिद्ध' असलेला माणूस रात्री रस्त्यात आढळला आणि त्याला समाधानकारक कारण सांगता आलं नाही तर, असंही आहे. आता 'प्रसिद्ध' कोण, हे कोण ठरवणार? पालावरच्या बाईला याचं उत्तर कोणी शिकवावं लागत नाही.

बायकांच्या अंगाला हात लावण्याचा प्रश्न मात्र हत्यारांच्या आधी प्लेगच्या निमित्तानं पेटला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला आणि पुण्यात रँड साहेबाच्या देखरेखीखाली गोरे सोल्जर घरोघर शिरू लागले. शोधायचं होतं ते आजारी माणूस, तलवार-बंदूक नव्हे. पण परका पुरुष माजघरात, देवघरात येतो, बायकांना उघड्यावर तपासतात, या तक्रारींनी त्या वेळची वर्तमानपत्रं भरली. पंडिता रमाबाईंसारख्या, ज्यांचं सनातनी मंडळींशी कधी जमलं नाही, त्यांनीही पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात मुलींचे हाल होतात म्हणून वर्तमानपत्राला पत्र लिहून जाब विचारला. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली ते सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या पुस्तकात चाफेकर बंधू येतात आणि ते यायलाच हवेत. पण ज्या बायकांचं अंग तपासलं गेलं त्यांना काय वाटलं हे त्यांच्या तोंडून कोणी लिहून घेतलं नाही. त्यांच्या वतीनं बोलले ते बहुतेक घरातले पुरुष, आणि बोलले ते घराण्याच्या अब्रूबद्दल. अब्रू घराण्याची आणि अंग बाईचं, हा फरक तेव्हा कुणाला फारसा दिसला नाही. आम्हाला तो आजही नीट दिसतो असं म्हणवत नाही.

याच सुमारास, १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, ५२ वं कलम होतं. बाईची झडती घ्यायची वेळ आली तर ती दुसऱ्या बाईनंच घ्यायची आणि सभ्यतेची पूर्ण काळजी घेऊन घ्यायची. त्याआधीच्या संहितेतही हा नियम होताच. म्हणजे गोऱ्या सरकारनं तो लिहून ठेवला होता, पण पोलिसांत बाई एकही नव्हती. बघा, कायदा 'महिला पोलीस' म्हणत नाही, 'दुसरी बाई' म्हणतो. ही दुसरी बाई रस्त्यावरून बोलवावी, शेजारची असावी, कोणाची तरी बायको असावी, काहीही. नियम पाळायचा तर बाई शोधावी लागे, आणि न पाळण्याला 'बाई मिळाली नाही' हे कारण कायम तयार असे.

स्वातंत्र्यानंतर संहिता नवी झाली, १९७३ ची. ५२ चं ५१ झालं, आणि त्यात अटक केलेल्या माणसाकडून काय काय घेतलं याची पावती द्यायची अशी भर पडली. चांगली भर होती. पण ठाण्याच्या आत काय चालतं याचा धक्का बसला तो आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणानं. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. तिचं नाव त्या खटल्यामुळे देशभर झालं, आम्ही ते इथे घेत नाही. उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांना सोडलं. का, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. १९७९ मध्ये चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, आणि आपल्या मराठी मुलखातले वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. त्या पत्रानं देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ठाण्यात, पोलिसाच्या ताब्यात असलेली बाई 'मी संमती दिली नव्हती' असं म्हणाली तर कोर्टानं ते आधी खरं धरून चालावं, असं झालं.

त्याच १९८३ साली शीला बारसे यांच्या अर्जावर निकाल लागला. बारसे पत्रकार. मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात जाऊन त्यांनी पंधरा स्त्री कैद्यांशी बोलणी केली. त्यातल्या पाचजणींनी लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बायकांसाठी वेगळी लॉकअप ठेवा, तिथे पहारा महिला पोलिसांचा ठेवा, आणि बाईची चौकशी महिला पोलिसाच्या समोरच करा. मग १९९५ मध्ये नागपूर खंडपीठानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. महिला पोलिसाशिवाय बाईला अटक नाही, आणि सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी तर नाहीच. राज्य सरकार याविरुद्ध दिल्लीला गेलं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नियम जरा सैल केला, महिला पोलीस मिळतच नसेल तर कारणं लिहून पुरुष अधिकाऱ्याला अटक करता येईल, असं. २००५ च्या दुरुस्तीनं रात्रीच्या अटकेची मनाई संहितेतच आली. अपवादाची वेळ आली तर महिला अधिकाऱ्यानंच लेखी कारण द्यायचं आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची. म्हणजे आज देशातल्या प्रत्येक बाईला असलेल्या या संरक्षणाची मुळं मुंबईच्या तुरुंगात आणि नागपूरच्या कोर्टात आहेत. हे आपल्या मुलींना माहीत असायला हरकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. अटकेचं झालं. पण अटक न करता, नुसतं रस्त्यात थांबवून अंग चाचपणं?

अमेरिकेत याचा एक मोठा खटला आहे. क्लीव्हलँड शहरात १९६३ साली मॅकफॅडन नावाच्या जुन्या डिटेक्टिव्हला दोन माणसं एका दुकानाच्या काचेपुढून सारखी ये-जा करताना दिसली. दरोड्याचा बेत असावा असं त्याला वाटलं. त्यानं त्यांना थांबवलं, कपड्यांवरून हात फिरवला, पिस्तुलं निघाली. १९६८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, आठ विरुद्ध एक अशा मतांनी, हे चालेल असं ठरवलं. अट अशी, की पोलिसाला नुसतं 'वाटलं' म्हणून भागणार नाही, काय पाहिलं ते शब्दांत सांगता आलं पाहिजे, आणि हात कपड्यांवरूनच, हत्यारापुरताच. टेरी हे त्या आरोपीचं नाव, म्हणून हा टेरी खटला. पुढे न्यूयॉर्कमध्ये २०११ या एका वर्षात पावणेसात लाखांहून जास्त लोकांना असं थांबवलं गेलं, त्यात बहुतेक काळे आणि लॅटिनो तरुण. २०१३ मध्ये तिथल्या एका न्यायाधीश बाईंनी, शिरा शाइंडलिन यांनी, ती पद्धत घटनेच्या विरुद्ध ठरवली. इंग्लंडमध्येही १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्यातल्या 'संशयित माणूस' या शब्दावर काळ्या पोरांना उचलायचे, ते कलम १९८१ ला रद्द झालं. आपला गुन्हेगार जमाती कायदा करणारे साहेब कोणत्या मुशीतून आले होते, ते यावरून कळतं.

आपल्याकडे टेरीसारखा एकच निकाल दाखवून 'हे बघा' म्हणता येत नाही. आपली सत्ता गोधडीसारखी, तुकडे जोडून शिवलेली आहे. संहितेत अंगझडतीचं मुख्य दार अटकेतून उघडतं. पोलिसाला दखलपात्र गुन्ह्याचा वाजवी संशय असला, तर तो वॉरंटाशिवाय अटक करू शकतो, आणि मग झडती. एखाद्या जागेची झडती चालू असताना तिथल्या माणसानं अंगावर काही लपवलंय असा संशय आला, तर त्याची झडती. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा आहे, त्यात माणसाला 'मला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर तपासा' असं म्हणण्याचा हक्क आहे, आणि बाईची झडती फक्त बाई. १९५९ च्या शस्त्र कायद्यात संशयास्पद रीतीनं हत्यार नेणाऱ्याला पकडता येतं. गुन्हा घडू नये म्हणून मध्ये पडण्याचा पोलिसाला सर्वसाधारण अधिकार आहे, त्यावर नाकाबंदी उभी आहे. आणि पोलिसाच्या वाजवी सूचना पाळाव्यात हे आपल्या राज्याच्या पोलीस कायद्यात १९५१ पासून आहे. म्हणून 'थांबा' म्हटल्यावर थांबावं. पळून जाणं किंवा हुज्जत घालणं शहाणपणाचं नाही. पण 'थांबा' आणि 'कमरेची पिशवी सोड' यांत अंतर आहे, आणि ते अंतर कायद्यानंच ठेवलेलं आहे.

राहिला कोयता. शस्त्र कायदा १९५९ मध्ये हत्यार कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे आणि त्यातून काय वगळायचं तेही आहे. केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू हत्यार नाहीत. लाठी आणि साधी चालायची काठी यांची तर नावंच घेतली आहेत. नियमांत धारदार हत्यारांसाठी नऊ इंच लांबी किंवा दोन इंच रुंदीचं माप आहे, पण तिथेही घरगुती, शेतीच्या आणि उद्योगाच्या वस्तू वगळून. शिवाय धारदार हत्यारांना परवाना लागतो तो केंद्र सरकारनं अधिसूचना काढून जाहीर केलेल्या भागातच. पोलिसांच्या तोंडी 'चार पंचवीस' असतं ते याच कलमांवरून. तेव्हा ऊसतोडीचा कोयता पेटीत, गोणपाटात गुंडाळून फडावर निघालाय, तर या कायद्यापुरता तो खुरप्याचा आणि विळीचा भाऊ.

पण थांबा, अजून एक तुकडा आहे. वर्तमानपत्रात सणांच्या आधी, निवडणुकीच्या आधी छोटी बातमी येते, 'जिल्ह्यात ३७ (१) (३) लागू'. हे पोलीस अधिनियमाचं ३७ वं कलम. त्याखाली जिल्हाधिकारी काही दिवसांसाठी तलवारी, भाले, सुरे, लाठ्या, आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर बाळगायला बंदी करू शकतात. 'कोणतीही वस्तू' हे शब्द फार पसरट आहेत. बंदी मोडून कोणी असं काही घेऊन फिरला तर पोलीस ती वस्तू काढून घेऊ शकतो. असा आदेश पंधरवड्या-पंधरवड्यानं निघत राहतो. म्हाताऱ्या-अपंगांच्या काठीला बहुतेक आदेशांत सूट लिहिलेली असते. तोडणीवाल्यांच्या कोयत्याचा वेगळा उल्लेख असावा, असं आम्हाला वाटतं. जिल्ह्यात इतके कारखाने, हजारो कोयते रस्त्यावर, एक ओळ लिहायला काय जातं?

२०२२ संपून २०२३ लागताना पुण्यात कोयते नाचवत दहशत माजवणाऱ्या पोरांच्या टोळ्या निघाल्या. लोक घाबरले, पोलिसांनी धरपकड केली आणि दुकानदारांना सांगितलं, की कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधारकार्ड घ्या, नोंद ठेवा. पुण्यातल्या लोकांची भीती खरी होती, तिला आम्ही नावं ठेवत नाही. गाड्या फोडणाऱ्या पोराच्या हातातला कोयता आणि चार वाजता उठून फडात जाणाऱ्या बाईच्या हातातला कोयता दिसायला एकच. फरक इराद्यात आहे, आणि जुने-नवे सगळे कायदे 'इराद्यानं' हा शब्द वापरतात तो यासाठीच. पण अंधारात, टॉर्चच्या उजेडात इरादा दिसत नाही. दिसतं ते लुगडं, बोली आणि पाल. १८७१ पासून हेच दिसत आलंय.

'मग चुकीची झडती झाली तर केस सुटते ना?' असं एकीनं विचारलं. सिनेमात सुटते. आपल्याकडे तसं नाही. मुंबईच्या एका सोन्याच्या बिस्किटांच्या खटल्यात, १९८० च्या आगेमागे, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की झडती बेकायदा असली तरी त्यात जे सापडलं ते त्यामुळे बाद होत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यातला हक्क डावलला तर मात्र अंगझडतीत सापडलेल्या मालावर शिक्षा टिकत नाही, हे १९९९ च्या घटनापीठाच्या निकालानंतर पक्कं झालंय. एरवी चुकीच्या झडतीबद्दल तक्रार वेगळी करावी लागते, वरिष्ठांकडे, कोर्टात, मानवी हक्क आयोगाकडे. तोडणीच्या टोळीला हंगामात एका जागी चार दिवस थांबता येत नाही, ती तक्रार कधी करणार, हा प्रश्न आम्हाला सुटलेला नाही.

तर त्या बाईला आम्ही असं कळवलं. गाडी थांबवायला लावली, ते चाललं. पेटीत काय आहे असं विचारलं, तेही चाललं. कोयते बघून, टोळी कोणाची, कोणत्या कारखान्याला निघाली, मुकादम कोण, एवढं विचारून घेणं हे त्यांचं काम. मुकादमाचा फोन नंबर आणि कारखान्याचं नाव प्रत्येक बाईला पाठ असलेलं बरं. पण अटक नाही, गुन्हा नाही, महिला पोलीस नाही आणि तरी बायकांच्या कमरेच्या पिशव्या सोडायला लावल्या, ते कायद्यात बसत नाही. तेव्हा 'साहेब, बाई पोलीस बोलवा, आम्ही थांबतो' असं म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. हे वाक्य भांडणाचं नाही. ते १८९८ च्याही आधीपासून कायद्यात लिहिलेलं आहे.

१ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. नंबर सगळे बदललेत. बाईची झडती बाईनंच, हे आता ४९ व्या कलमात आहे, रात्रीच्या अटकेची मनाई ४३ व्या कलमात. एक गोष्ट नवी आहे. जागेची झडती आणि जप्ती यांचं मोबाइलवर चित्रण करायचं असं १०५ वं कलम सांगतं, सामानाची यादी आणि पंचांच्या सह्यांसकट. ५२ चं ५१ झालं, ५१ चं ४९ झालं. वाक्य तेच आहे, 'दुसऱ्या बाईनं, सभ्यतेची पूर्ण काळजी घेऊन'.

त्या बाईंचा उलट निरोप आला. पिशवीत साडेतीनशे रुपये होते, ते परत मिळाले, पण मोजून घ्यायचं सुचलं नाही. पुढच्या वेळी पावती मागेन म्हणाल्या. त्यावर दुसऱ्या एका मैत्रिणीनं विचारलंय, की पंचनाम्यावर अंगठा मागितला आणि आपल्याला वाचता येत नसलं तर काय करायचं. ते पुढच्या बुधवारी बोलू.